खोट्या गावांची राखण

मराठी लेखकाला गावाचं नाव बदललं की आपण मोठा पडदा टाकला असं वाटतं. खऱ्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडं करायचं, ‘वाडी’ असेल तिथं ‘खेडा’ लावायचं आणि पहिल्या पानावर छापून टाकायचं की या कादंबरीतलं गाव आणि माणसं काल्पनिक आहेत. आत मात्र वेशीतला मारुती, मारुतीमागची पत्र्याची शाळा, शाळेतला एका डोळ्यानं अधू शिपाई, सगळं जसंच्या तसं. त्या शिपायाच्या मुलानं पुस्तक उघडलं की पडदा गेला कुठं? पण हे लेखकाला सांगायची सोय नाही. तो म्हणतो, ‘‘ती कलेची गरज आहे.’’ कलेच्या अशा पुष्कळ गरजा मी औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या बोळात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत बसून भागवल्या.

मी मुद्रितशोधक. म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी ते शेवटचं वाचणारा माणूस. लोकांना वाटतं आम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघतो. ते निम्मंही काम नाही. नायिकेचे डोळे दहाव्या पानावर घारे असतील तर नव्वदाव्या पानावर काळे होऊ द्यायचे नाहीत, सोमवारी मेलेला म्हातारा बुधवारी ओट्यावर चहा पीत बसायला नको, हे बघायचं. एका नामवंतांच्या कादंबरीत नदी गावाच्या उत्तरेला होती ती तिसऱ्या प्रकरणात दक्षिणेला गेली. मी दाखवल्यावर ते म्हणाले, ‘‘वाचक इतकं बघत नाही.’’ वाचकाबद्दल लेखकांच्या मनात किती आदर असतो ते प्रुफांवर कळतं.

खेड्यावर लिहिणारा लेखक पहिला खर्डा खऱ्या नावांनीच लिहितो. त्याशिवाय त्याच्या हातून गाव उतरत नाही. नावं शेवटी बदलायची, आणि ते काम माझं. त्यासाठी मी प्रत्येक पुस्तकाची यादी करायचो. डावीकडं खरं नाव, उजवीकडं खोटं. गाव, आसपासची गावं, नदी, बाजाराचं ठिकाण, माणसं. संगणक आला तेव्हा आमच्या प्रकाशनाचे मालक म्हणाले, आता यादी कशाला, एका बटणात सगळं बदलेल. बदललं खरं. ‘राम’चा ‘बबन’ करायला सांगितला तर पाटलांच्या ओसरीवर आबबनखुर्ची आली. मालक पुन्हा बटणाचं नाव काढेनात.

या धंद्यातली खरी कटकट वेगळीच आहे. इंग्रजीत नावाचं पहिलं अक्षर मोठं काढतात, त्यामुळं लेखकानं आज सकाळी जन्माला घातलेलं गावसुद्धा ओळीत उठून दिसतं. आमच्या देवनागरीत मोठं-धाकटं नाही. सगळी अक्षरं एका उंचीची, एका रेघेला टांगलेली. गाव कोणतं आणि गवत कोणतं ते वाचकानंच ओळखायचं. शेकडो वर्षं तो ओळखत आला, पण लेखकाला त्याचा भरवसा नाही. एकानं आपल्या खोट्या गावाचं नाव दर वेळी ठळक छापायला लावलं. दर पानावर पाच-सहा वेळा. कादंबरी उघडली की निवडणुकीचं पत्रक वाटायचं. दुसऱ्यानं अवतरणचिन्हं लावली, मग त्याच्या नायिकेचं माहेर, सासर, आजोळ सगळंच थट्टेनं लिहिल्यासारखं दिसू लागलं. नुकताच एक तरुण आला होता. त्याच्या कादंबरीत सात राज्यं, चौदा किल्ले, सगळी मनानं रचलेली नावं. म्हणाला, ‘‘काका, प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर मोठं करा ना. इंग्लिशमध्ये कसं भारी दिसतं.’’ आमचा अक्षरजुळणी करणारा रफिक. त्यानं एक पान करून दाखवलं. वरच्या रेघा एकमेकींना सोडून गेल्या होत्या.

‘‘काका, ये लाइन नहीं, जिना हो गया,’’ रफिक म्हणाला.

तरुणाला मात्र ते फार आवडलं.

औरंगाबादचं संभाजीनगर झालं तेव्हा एका लेखकाचा फोन आला. माझा नायक कॉलेजसाठी शहरात येतो, तिथं आता कोणतं नाव ठेवू? मी म्हणालो, तो ज्या साली येतो त्या साली जे होतं ते ठेवा. तो म्हणाला, मग साल कोणतं ठेवू? अडीचशे पानं लिहून झाली होती आणि गोष्ट कोणत्या सालात घडते याचा विचार केलेला नव्हता.

आणि एकदा तर जालन्याकडून एक जीपच आली. लेखकानं मनानं रचलेलं गाव तिकडं खरोखर होतं. चार जण जिना चढून वर आले. त्यांतला पुढचा म्हणाला, ‘‘आमच्या गावात हातभट्टी हाये असं छापलं तुमी. दाखवा कुटं हाये?’’ मी चहा मागवला, पहिल्या पानावरचा काल्पनिकचा मजकूर दाखवला. त्यानं तो वाचला आणि विचारात पडला. शेवटी त्यांचं म्हणणं असं निघालं की हातभट्टी राहू द्या, पण पुढच्या वेळी आमच्या नव्या सभामंडपाचंही लिहा. जाताना वीस प्रती घेऊन गेले. लेखकाला मी हे कळवलं तर तो म्हणाला, बघा, माझं गाव किती खरं उतरलंय.

इथवर हसून झालं. पुढचं सांगताना मला हसू येत नाही.

बोडखेसर इथल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे. मूळ गाव पिशोरच्या पलीकडं. गावाचं खरं नाव मी इथंही लिहिणार नाही. गावात त्यांच्या भावकीची भरपूर जमीन. त्यांनी कादंबरी मात्र धनगरांच्या एका घराची लिहिली. हे घर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडायचं ते पावसाच्या तोंडावर परत यायचं. तेवढ्या काळात शेजारचा रानवाला, म्हणजे शेताचा मालक, दर वर्षी बांध वीतभर सरकवायचा. दगड उचलून पुढं ठेवायचा, मधल्यावर नांगर फिरवायचा. एका वर्षी घर परत आलं तर त्यांची पट्टीच शिल्लक नव्हती. गोष्ट चांगली होती. सरांची नव्हती, एवढंच. ती त्यांना कौसाबाईनं सांगितली होती.

सर तिला एकदा आमच्याकडं घेऊन आले. पन्नाशीची बाई, चितेगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. खुर्चीवर टेकली आणि लगेच मुद्द्याला आली.

‘‘भाऊ, सरायला म्या समदं सांगितलं. लहानपनी आज्जीपाशी मागं राह्यले तवा बांधाचा दगुड सरकवताना डोळ्यानं पाह्यलंय. पर गाव कळाया नको.’’

‘‘का हो बाई? तुम्ही तर आता इकडं राहता.’’

‘‘माझा भाऊ हाये ना तिथं. महादू. त्याच्या मेंढ्या त्याच लोकायच्या रानात बसत्यात.’’

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. पीक निघालं की मोकळ्या रानात मेंढ्या मुक्कामाला बसवतात. लेंड्यांचं खत होतं, त्याबद्दल रानवाला धान्य देतो. मेंढपाळाचं वर्ष त्यावर निघतं. रानवाल्यानं नको म्हटलं की संपलं. कौसाबाईचं एवढंच म्हणणं होतं, की ही गोष्ट तिनं सांगितली हे त्या रानवाल्यांना कळू नये. कळलं तर महादूच्या मेंढ्या कुणी रानात घेणार नाही.

सर काही बोलायच्या आत मीच म्हणालो, ‘‘बाई, गाव कुणालाही ओळखू येणार नाही. ती जबाबदारी माझी.’’

‘‘तुमी समदं वाचता नव्हं?’’

‘‘एकूण एक अक्षर.’’

तिला बरं वाटलं. चहा घेऊन गेली.

सरांना मराठी पुस्तक बाजारात यायच्या आधीच इंग्रजीची घाई झाली होती. पुण्याच्या मृणालताई म्हणून एक अनुवादिका, त्यांच्याकडं सरांनी प्रुफंच पाठवून दिली. पंधरा दिवसांनी ताईंची मला भलीमोठी यादी आली. काका, यातलं नाव कोणतं आणि वर्णन कोणतं ते सांगा, म्हणजे कुठं मोठं अक्षर घालायचं ते मला ठरवता येईल. ‘खालची आळी’ हे आळीचं नाव, की नुसती खालच्या बाजूची आळी? ‘मोठी विहीर’ नाव, की विहीर मोठी आहे म्हणून? मी दोन दिवस ती यादी येईल त्याला वाचून दाखवली आणि हसलो. म्हटलं, इंग्रजीला विहिरीत उतरायचं तरी आधी अर्ज भरावा लागतो. मग यादीच्या शेवटी आलो. तिथं लिहिलं होतं: ‘भिवाची पट्टी. हा भिवा कोण? या नावाचं पात्र कादंबरीत नाही. तुम्ही दिलेल्या नावांच्या यादीतही नाही.’

मी यादी काढून पाहिली. नव्हता. सरांना फोन लावला.

‘‘सर, भिवा कोण?’’

‘‘कुणी नाही. शेताचं नाव आहे ते.’’

‘‘तुम्ही ठेवलेलं?’’

‘‘नाही हो. आमच्याकडं सगळे तसंच म्हणतात. भिवाच्या पट्टीत तूर पेरली, भिवाच्या पट्टीत बैल सोडले. कौसाबाईचा पणजा होता तो.’’

‘‘आणि पट्टी आता कुणाकडं आहे?’’

सर ‘‘आमच्या भावकीत,’’ म्हणाले.

गावातल्या प्रत्येक शेताला नाव असतं, हे मला त्या दिवशी कळलं. गट नंबर तलाठ्यासाठी. घरातली माणसं एकमेकांना नंबर सांगत नाहीत, ती नावानं बोलतात, आणि ते नाव जमीन विकली-हिसकली तरी बदलत नाही. मी गुलमंडीत वाढलेला. माझ्या लेखी जमीन म्हणजे दुकानाचा गाळा. माझ्या यादीत गाव होतं, नदी होती, बाजार होता. शेत हे ठिकाण आहे हेच मला कधी सुचलं नव्हतं. आणि सरांना ते नाव इतकं तोंडातलं, की त्यांना ते बदलायचं नाव वाटलंच नाही. सबंध गाव खोटं करून आम्ही दोघांनी नेमकी तेवढी पट्टी खरी ठेवली होती.

‘‘सर, हे बदलायला हवं.’’

‘‘देवकर, त्या नावाला मातीचा वास आहे.’’

‘‘गाव ओळखू येईल. कौसाबाईला शब्द दिलाय.’’

‘‘आमच्या गावात पुस्तक वाचतो कोण?’’

आता माझ्याबद्दल. तोवर पट्टीच्या प्रकरणासकट निम्मं पुस्तक छापून झालं होतं. बांधायचं बाकी होतं. मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी आरडाओरडा केला असता आणि तेवढे फॉर्म, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, रद्दीत घालून पुन्हा छापले असते. माणूस तसा होता. पण चौतीस वर्षांत माझ्या नजरचुकीनं एकही फॉर्म रद्दीत गेला नव्हता. मालक आल्या-गेल्याला हे कौतुकानं सांगायचे. मला निवृत्त व्हायला काही महिने उरले होते. मी मालकांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. सरांचं वाक्य मनाशी घोळवलं, गावात पुस्तक वाचतो कोण. ज्या जातीच्या वाक्यांना मी जन्मभर हसलो, त्यातलंच एक मला त्या दिवशी पटलं. मृणालताईंना उत्तर पाठवलं: नाव आहे, मोठं अक्षर घाला. त्यांनी आभार मानले.

पुस्तक आलं आणि गाजलं. शोषितांचा हुंकार वगैरे जे छापून यायचं ते आलं. गावानं सरांचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ, शाळेच्या पटांगणात मंडप. सरांनी घरटी एक प्रत वाटली. ज्या भावकीनं बांध सरकवला तीच भावकी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, कारण कुणीच वाचलं नव्हतं. म्हणजे दोन आठवडे तरी सरांचं म्हणणं खरं ठरलं.

मग त्यांच्या चुलतभावाच्या सुनेनं ते वाचायला घेतलं. बी. ए. झालेली मुलगी. दुपारी बायका तूर निवडत बसायच्या तेव्हा ती मोठ्यानं वाचून दाखवायची. अकराव्या प्रकरणाशी आली आणि थांबली. ‘‘अवो, ही तं आपली भिवाची पट्टी,’’ म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांत कळलं, आणि भिवाच्या घरची शहराकडं एकटी कौसाबाईच, म्हणून सांगितलं कुणी तेही. हे मला सरांनीच सांगितलं, आपलं पुस्तक किती घरांत पोचलं या कौतुकासकट.

सरांना कुणी काही म्हटलं नाही. ते घरचे. घरच्यानं लिहिलं की ते साहित्य, आणि धनगराच्या पोरीनं सांगितलं की ती चहाडी. उन्हाळा सरता सरता महादू मेंढ्या घेऊन परत आला तर पहिल्या रानात त्याला सांगितलं, यंदा नको. दुसऱ्या रानात तेच. तिसऱ्यात तर बांधावरूनच हात केला. शाल-नारळ एकाला आणि हाकलणं दुसऱ्याला, असा त्या गावानं कादंबरीचा हिशेब मिटवला.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सरांचा फोन आला. आवाज उतरलेला, महादूचं कानावर गेलं असावं. ‘‘देवकर, त्या पट्टीचं नाव बदलून टाका. इंग्रजीतही नाव नको, नुसतं जमिनीचा तुकडा करायला सांगा. बारीक अक्षरात.’’ मातीचा वास उडाला होता. मी लगेच हो म्हणालो. मला सुटल्यासारखंच झालं. ‘गोंदाची पट्टी’ असं नवं नावही शोधून ठेवलं.

दोन दिवसांनी दुपारी कौसाबाई आली. तिच्या मुलीनं तिला अकरावं प्रकरण वाचून दाखवलं होतं. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

‘‘बाई, चुकलं,’’ मी म्हणालो. ‘‘पण आता दुरुस्त करतोय. नवीन आवृत्तीत भिवाचं नाव कुठंच राहणार नाही. इंग्रजीतही नाही.’’ हे मी जरा खुशीतच सांगितलं. दुरुस्ती हा माझा धंदा.

‘‘काहून काढता?’’

‘‘गाव कळू नये म्हणून.’’

‘‘गावाला कळलं की. महादूनं निम्म्या मेंढ्या इकल्या. नाव काढलं म्हून त्या मागं येनार हायेत का?’’

मी ‘गोंदाची पट्टी’ लिहिलेला कागद बाजूला सारला.

‘‘आता काढलं तं ते लोक काय म्हनतील? पुस्तकवाल्यानं बी काढलं, म्हंजी भिवा नव्हताच. कागदावरून त्यायनी काढला. बांधावरून काढला. तोंडातून तेवढा त्यायला काढता येईना. त्ये तुमी काढून देता व्हय?’’

‘‘सर ऐकायचे नाहीत.’’

‘‘तुमी तं ऐकता ना?’’

नाव राहिलं, हे आधीच सांगून टाकतो. त्याच संध्याकाळी मी मालकांना सगळं सांगितलं, दारातून परत फिरलो होतो तेही सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. सरांनी दोन महिने आदळआपट केली, पण मालक हलले नाहीत. मृणालताईंना मी कळवलं होतं, त्यांनी इंग्रजीतही भिवा मोठ्या अक्षरानं ठेवला. सर माझ्याशी बोलत नाहीत. महादू उरलेल्या मेंढ्या घेऊन आता लांब गोदाकाठाकडं उतरतो. तिकडं त्याला ओळखीची रानं नाहीत, जिथं बसवतील तिथं बसतो.

पण त्या दुपारी कौसाबाई निघाली आणि जिन्याच्या तोंडाशी थांबली.

‘‘येक इचारू भाऊ? पुस्तक भायेर यायच्या आदी तुमाला ह्ये कळलं व्हतं का?’’

नाही म्हणणं सोपं होतं. तिला पडताळून बघता आलं नसतं.

‘‘कळलं होतं,’’ मी म्हणालो.

मला वाटलं, खरं बोललो याचं काहीतरी म्हणेल. अशा वेळीही माणसाला शाबासकी हवी असते.

‘‘सरायला बी म्या ह्येच इचारलं,’’ ती म्हणाली. ‘‘त्ये म्हनले, मला ठावंच नव्हतं. त्यायनी निदान लाजून खोटं तरी सांगितलं.’’

आणि जिना उतरून गेली.